तिसरी पुडी

गेल्या श्रावणातल्या एका रविवारी मी त्र्यंबकला ब्रह्मगिरीची फेरी केली. देवाधर्मासाठी मी कधी चालत नाही... चालायला आवडतं म्हणून चालते. माझ्या हाताखालून गेलेल्या मुलींना माझी चाल आणि माझं घड्याळ, दोन्ही चांगलं ठाऊक आहे.

बरोबर गोदू होती. कॉलेजात आम्ही तिघी एका खोलीत राहायचो... मी, गोदू आणि सुशीला. गोदूचं लग्न पहिल्याच वर्षी झालं आणि कॉलेज सुटलं. पुढे ती विधवा झाली आणि तेव्हापासून त्र्यंबकला दिराच्या घरी आहे. सुशीला आणि तिची पंचवीस वर्षांत भेट नाही, नुसती पत्रं.

सुशीला आता मुलाकडे आफ्रिकेला निघाली होती, कायमची. जाण्याआधी गंगा-गोदावरीचं दर्शन घ्यायला दोन दिवस नाशकात, पंचवटीत आपल्या भाच्याकडे उतरली होती. रविवारी संध्याकाळची गाडी. मी शनिवारीच तिला भेटून घेतलं, पोटभर बोलले आणि शेवटच्या मोटारीने त्र्यंबकला गोदूकडे मुक्कामाला गेले.

पहाटे आम्ही निघालो. गोदूच्या जावेने दशम्यांची पिशवी माझ्या हातात दिली. मी पायात जाड वहाणा घातल्या होत्या. फेरी अनवाणी करायची असते म्हणून गोदू तशीच.

कुशावर्ताचं कुंड मागे पडल्यावर गोदू हळूच म्हणाली की घरी फेरीचं नाव सांगितलंय, पण आपण नाशिकच्या रस्त्यावर प्रयागतीर्थापाशी मोटार धरू आणि सरळ नाशिक गाठू. मैत्रिणीला भेटायला जाते असं सांगितलं असतं तर घरून सोडलं नसतं, असं तिला वाटत होतं.

मला राग आला. माझ्या नावावर खोटं बोललेलं मला चालत नाही. मी म्हटलं, "फेरी सांगितलीस ना? मग आधी फेरी. माझ्या चालीने अकराला परत येऊ, एकची मोटार आरामात मिळेल."

गोदूने वाद घातला नाही. ती कधीच घालत नाही... निदान त्या दिवशी तरी घालायला हवा होता.

बारा-तेरा मैलांची वाट. डोंगरामागे नुसता चिखल आणि चिखलात लपलेले धारदार खडे. मी पुढे जायची, थांबायची, घड्याळ बघायची. गोदू एकेक पाऊल चाचपत यायची. मी तिला म्हटलंसुद्धा, की वर्गात तू अशी यायचीस तेव्हा हजेरी संपलेली असायची. ती हसली.

अर्ध्या वाटेवर भाताच्या खाचरात एक बाई रोपांची आवणी करत होती. तिने गोदूच्या पायांकडे पाहिलं आणि वरच्या खिंडीकडे बोट केलं. "हितनं चढून जा, माय. लय जवळ पडतं. घटकाभरात तिरमक दिसंल."

गोदू माझ्याकडे बघत राहिली. "जाऊ या का गं?" एवढंच म्हणाली.

मी म्हटलं, "अर्धी फेरी म्हणजे फेरी नव्हे. घरी काय सांगशील?"

तिथेच बसून दशम्या खाल्ल्या. पिशवीत पानात बांधलेल्या तीन पुड्या निघाल्या. दोघींना तीन... तुमच्या घरात कुणाला अंदाज म्हणून नाही, असं बोलून मी तिसरी पुडी न सोडताच त्या बाईला देऊन टाकली.

फेरी पुरी झाली तेव्हा अडीच वाजून गेले होते. एकची मोटार गेलेली. साडेतीनच्या मोटारीत गोदू पाय पदराखाली ओढून बसली, कारण टाचेतून रक्त येत होतं. पंचवटीत पोचलो तर सव्वापाच. सुशीलेचा टांगा साडेचारलाच गेला होता. नाशिकरोड सहा मैल, गाडी पावणेसहाची... धावण्यातही अर्थ नव्हता.

भाचा म्हणाला, मावशी टांग्यात बसल्यावरही दोनदा उतरून रस्त्याकडे बघून आली.

गोदूला पोचवायला मी पुन्हा त्र्यंबकला गेले. दारातच जाऊ उभी. तिने पहिलं काय विचारलं असेल?

"भेटल्या का सुशीलाबाई?"

गोदू मान हलवून पाय धुवायला मागच्या दारी गेली. जावेलाच काहीतरी चुकल्यासारखं झालं. ती माझ्याकडे वळून सांगू लागली, "अहो बाई, त्यांचं कार्ड आधी ह्यांच्याच हातात पडलं होतं. हे म्हणाले, वहिनी फेरीचं नाव सांगतायत तर सांगू देत, जाऊन येऊ दे एकदा. नारळाच्या वड्या आवडतात ना त्यांना? तिसरी पुडी त्यांचीच होती."

म्हणजे ज्या खोट्याचं मला एवढं लागलं होतं, ते घरात सगळ्यांना माहीत होतं. त्यांनी त्याच्यासाठी शिदोरीसुद्धा बांधून दिली होती... आणि मी ती शेताच्या बांधावर वाटून आले.

गोदू मागच्या दारी पाय धूत होती. तिने हे ऐकलं. म्हणाली, "फेरी तर पुरी झाली." टोमणा होता की समजूत, मला अजून कळलेलं नाही. विचारायचं धाडसही झालं नाही.

सुशीलेचं आफ्रिकेहून पत्र आलं आहे. गोदू का आली नाही, एवढंच तिने विचारलं आहे. उत्तर लिहायला मी तीनदा बसले. 'तिला बरं नव्हतं' असं लिहिलं आणि फाडलं... 'मोटार चुकली' असं लिहिलं, तेही फाडलं.

खरं वाक्य अगदी लहान आहे. ती येत होती, मी येऊ दिलं नाही. जन्मभर मुलींकडून खरं बोलून घेतलं, पण हे वाक्य त्या कागदावर उतरत नव्हतं. म्हणून आधी इथे, तुम्हा सगळ्यांसमोर लिहून पाहिलं. आता पत्र लिहायला बसते.