चोवीस व्होल्ट आणि द्रोणभर हळद

लग्नाच्या व्हिडिओच्या धंद्यात मी घोडा अंगावर घेतलाय, ट्रॅक्टर घेतलाय, एकदा जेसीबीसुद्धा. पण साखरा गावातल्या लग्नात दोन काळ्या वायरींनी जेवढा घाम फोडला तेवढा कुणीच फोडला नाही. घाम इतका की मांडवात चिखल झाला. बरं, चिखल नाही झाला. पण शर्ट पिळावा लागला, हे बायकोला विचारा.

लग्न मेहुणीचं. तिचा धाकटा भाऊ, म्हणजे माझा मेहुणा, मुंबईत सिनेमाचे कॅमेरे भाड्यानं देणाऱ्यांकडे कामाला. कॅमेरा जाईल तिथं सोबत जायचं, पुसायचा, जोडायचा, लेकरासारखा परत आणायचा, हे त्याचं काम. सख्ख्या बहिणीचं लग्न म्हणून मालकानं त्याच्या भरवशावर एक मोठा कॅमेरा तीन दिवस दिला होता. देताना एवढंच म्हणाला होता, "याला काही झालं तर तू परत येऊ नकोस."

माझ्याकडे गिंबल. म्हणजे मोटारींचा सांगाडा. त्यात कॅमेरा अडकवून कितीही पळा, चित्र हलत नाही. त्यावर भरला तांब्या ठेवून मी हिंगोलीहून डोंगरकड्याला पळत गेलो आणि थेंब सांडला नाही, असं मी पुष्कळांना सांगितलंय. तर गिंबलच्या बॅटरीतून माझ्या छोट्या कॅमेऱ्याला वीज मिळते, चौदा-पंधरा व्होल्ट. या मुंबईच्या धुडाला लागतात चोवीस. त्याच्या स्वतःच्या बॅटऱ्या होत्या, पण आदल्या संध्याकाळी गावात लाईटीचा दाब असा चढला की चार्जरनं एक ढेकर दिला आणि तो गेला. बॅटऱ्या रिकाम्या.

सकाळी परण्या निघणार होता. नवरदेव घोड्यावरून मारुतीच्या देवळात जातो, पाया पडतो आणि तिथून वाजतगाजत मांडवात येतो. देवळापासून मांडवापर्यंतची सगळी वाट एका दमात, न तोडता घ्यायची, म्हणून तर कॅमेरा आणलेला.

"रद्द करू, दाजी," मेहुणा म्हणाला. "तुमच्या कॅमेऱ्यावर घ्या."

"लेका, मी असताना रद्द?"

सासऱ्यांच्या ओसरीवर फवारणीचे दोन पंप होते, पाठीवर अडकवायचे, बॅटरीवाले. एकात बारा व्होल्ट. बारा आणि बारा चोवीस, हे हिंगोलीच्या बाजारातला हमालही सांगेल. दोन्ही बॅटऱ्या काढल्या, एकीला एक जोडल्या, एकाच पंपाच्या पोटात कोंबल्या. शेजारच्याच्या ट्रकचा चोवीस व्होल्टचा बल्ब लावून पाहिला. असा पेटला की कोंबडे दुसऱ्यांदा आरवले.

"झालं की न्हाई?"

मेहुणा खाली वाकून वायरी बघत होता. "प्लस कोणती?"

इथं मी अडकलो. सासऱ्यांनी जुन्या वायरी कुजल्या म्हणून विहिरीच्या मोटारीची उरलेली काळी वायर दोन्हीकडे वापरली होती. बॅटरीवरच्या खुणा औषधानं खाल्लेल्या. मीटर माझ्या हिंगोलीच्या दुकानात.

"गाठ मारल्याली हाय ना, ती प्लस."

"बराबर म्हाईत हाय? बल्ब उलटा लावला तरी पेटतो, दाजी. ह्यो उलटा लागला तर तिथंच जळतो. मंग मला मुंबई न्हाई."

नवरदेवाच्या उताऱ्याकडून ढोल ऐकू आला. घोड्याला झूल चढवत होते.

"लेकरांची शप्पथ," मी म्हणालो.

त्यानं गाठीची वायर उचलली आणि कॅमेऱ्याच्या लाल टोकाजवळ नेली. मी उगाच गिंबलचा स्क्रू आवळू लागलो. तेवढ्यात हळदीनं कोपरापर्यंत पिवळी झालेली माझी बायको आली.

"काय करून राहिला रे?"

"दाजी म्हनतेत गाठीची प्लस."

"अन तू ऐकतो? ह्यांच्यावर भरवसा ठेवून तर मी लग्न केलं." ती माझ्याकडे वळली. "अहो, खरं सांगा, म्हाईत हाय का?"

मी ढोल किती छान वाजतोय असं काहीतरी म्हणालो.

तिनं वायर भावाच्या हातातून काढून घेतली. आत गेली, द्रोणात कोरडी हळद, मीठ आणि पाणी कालवून आली. "सातवीत बाईंनी दाखवलं होतं. आधी मोटरसायकलच्या बॅटरीवर बघू, तिच्यावर खुणा हायेत." दोन तारांची टोकं द्रोणात, एकमेकींपासून दूर. आम्ही तिघं त्यावर वाकलो. मायनसच्या टोकाशी बारीक बुडबुडे आले आणि पिवळ्यात हळूहळू कुंकवासारखा लाल डाग फुटला.

"लाल तिथं मायनस. आता तुमचं."

नवा द्रोण. पंपाच्या दोन काळ्या वायरी. ढोल देवळाच्या पायरीवर पोचला होता, कुणीतरी ओरडलं, "व्हिडिओवाले मेले का?" हळद पिवळीच. मग एका वायरीशी लाल डाग धरला.

गाठीच्या.

मेहुण्यानं माझ्याकडे पाहिलं.

गाठ नसलेली वायर त्यानं लालला जोडली, गाठीची काळ्याला. त्यानं बटण दाबलं. पडदा उजळला. कोपऱ्यात आकडा आला, पंचवीस आणि वर थोडं.

मी पंप पाठीवर घेतला, गिंबल उचलला, देवळाकडे पळालो आणि घोड्यापुढं उलट्या पायांनी चालू लागलो. पोरं ओरडली, "काका, नवरदेवावर कोणतं औषध मारून राहिले?" सगळा गाव हसला. मेहुणा हसला नाही. वायरींचा जोड मुठीत घट्ट धरून तो देवळापासून मांडवापर्यंत माझ्या कुशीला चिकटून चालला. घोड्यानं त्याच्या पायावर पाय दिला तरी मूठ सोडली नाही. बहिणीचा नवरा घोड्यावर कसा दिसला हे त्यानं नंतर व्हिडिओत पाहिलं.

मांडवात आल्यावर त्यानं कॅमेरा बंद केला, वायरी सुट्या केल्या, भिंग पुसलं.

"दाजी, गाठीची लाललाच लावली असती तर?"

माझ्याकडे सात उत्तरं तयार होती, त्यातली चार तर फार झकास.

"जळला असता," मी म्हणालो. "मला म्हाईत नव्हतं."

"अन लेकरांची शप्पथ?"

"उगंच घेतली."

"व्हय," एवढंच म्हणून तो गेला. जेवणात पंगतीला जिलबी वाढत आला. सगळ्यांना आग्रह केला, माझ्या पत्रावळीवरून ताट पुढं नेलं.

कॅमेरा धडधाकट मुंबईला पोचला, नोकरी शाबूत राहिली. तेव्हापासून वायरीचं काही असो की एसटीचा टाइम, त्याचा फोन बायकोला येतो. मी शेजारी बसलेलो असतो. ती मला विचारते, मी सांगतो, आणि पलीकडून त्याचा आवाज येतो, "ते राहू दे, तायडे. तू स्वतः बघून सांग."