अर्धं वाक्य

माझी मावशी विद्यापीठात गरिबीवर संशोधन करायची. हे ऐकलं की लोक हळहळायचे, किती पुण्याचं काम म्हणायचे. त्या हळहळीचा तिला तिटकारा होता. गरिबी काही पुरासारखी आपोआप येत नाही, ती म्हणायची; कुणीतरी नियम करतं, कुणीतरी सही ठोकतं आणि मग माणसं उपाशी राहतात. मी त्या सह्या करणाऱ्यांचा अभ्यास करते, असं ती सांगायची.

विद्यार्थी तिला पाठीमागे 'तिखट बाई' म्हणत. तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. वर्गात कुणी 'गरिबांची मानसिकता' असं काही बोललं की ती खडू खाली ठेवायची आणि विचारायची, तू उपाशीपोटी झोपलास ती रात्र सांग बघू. पोरगा वहीत डोकं घालायचा, की ती म्हणायची, "मग त्यांची मानसिकता राहू दे. तुझी सांग."

तिचा विषय घरातूनच आला होता. आजोबा गेल्यावर आजी इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरी धुवायची. हात सुजून कामातून गेले तेव्हा तिने सरकारी मदतीसाठी अर्ज केला. तपासनीस आला तो न विचारता थेट स्वयंपाकाच्या खोलीत शिरला. भांड्यांवरची झाकणं उघडून बघितली, गादी उचलून बघितली. फळीवर शेजारणीने टाकून दिलेला बंद रेडिओ होता. रेडिओ परवडतो म्हणजे तुमचं बरं चाललंय, असं म्हणून तो गेला आणि अर्ज नामंजूर झाला. माझी आई थोरली, तिने शाळा सोडून कारखाना धरला. मावशी धाकटी, ती आईच्या पगारावर शिकली. आई या गोष्टीवर कधी चकार शब्द बोलली नाही. मावशी मात्र दुसरं काही बोललीच नाही.

मदत मागणाऱ्याच्या घराची झडती घ्यावी का, हा एकच प्रश्न तिला अख्ख्या नोकरीला पुरला. वस्त्या पालथ्या घालून तिने दाखवून दिलं की झडतीत लबाड सापडतात ते चार-दोन, पण खरे गरजू गळतात ते ढिगाने. कुणी लाजेपोटी अर्जच करत नाही. कुणी तपासनीस येतो तेव्हा कामावर असतं. आणि घर नीटनेटकं ठेवणारी बाई तर हमखास नापास होते. याला ती 'स्वच्छतेची शिक्षा' म्हणायची.

मग मंत्रालयाने अपंग आणि विधवांच्या मदतीसाठी समिती नेमली आणि तिला बोलावलं. बोलावणारा सल्लागार तिचाच जुना विद्यार्थी होता. आम्ही घरात त्याला 'पट्टशिष्य' म्हणायचो, कारण मावशीच्या तोंडी सतत त्याचंच कौतुक असायचं. ती हुरळून गेली. नवा चष्मा केला, बैठकांना सगळ्यांच्या आधी जाऊन बसायची. झडती बंद करा, ही शिफारस मसुद्यात आली त्या दिवशी तिने आईला फोन करून तिचे परिच्छेदच्या परिच्छेद वाचून दाखवले.

अहवालाच्या प्रकाशनाला आई आणि मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो. मंत्री बोलत होते आणि व्यासपीठावर मावशी छापील प्रत चाळत होती. चाळता चाळता तिचा हात थांबला. तिचे कान लाल झालेले मला तिसऱ्या रांगेतून दिसले. झडती रद्द झालेलीच नव्हती. उलट आता प्रत्येक घराचे आतून फोटो काढायचे होते, आणि त्याला आधार म्हणून मावशीचंच वाक्य दिलं होतं: 'झडतीमुळे काही लबाड सापडतात.' पुढचं 'पण' कापून टाकलं होतं. मुखपृष्ठावर तिचं नाव होतं.

पट्टशिष्याने तिला दोन शब्द बोलायला बोलावलं. ती उठली.

"हे वाक्य माझं आहे, पण अर्धं आहे," ती म्हणाली. "अर्धं वाक्य म्हणजे खोटं बोलायची सभ्य रीत. माझं नाव काढा."

कुणीतरी माइक बंद केला. मागच्या बाकापर्यंत आवाज पोचवायची सवय असलेली बाई ती. तिने उरलेलं वाक्य माइकशिवाय पूर्ण करून दाखवलं.

बाहेर जिन्याजवळ पट्टशिष्याने तिला गाठलं. "बाई, आत राहून सुधारता आलं असतं. तुमचं नाव मीच पुढे केलं होतं."

"तुझ्या घरी येऊ मी? झाकणं उघडून बघू?"

"तो वेगळा मुद्दा आहे."

"तोच मुद्दा आहे," मावशी म्हणाली आणि जिना उतरू लागली.

नियम लागू झालाच. कुलगुरूंनी तिला बोलावून गोड शब्दांत समजावलं. मग तिच्या केंद्राचं अनुदान आटलं आणि तिला मोडक्या खुर्च्या ठेवायची खोली मिळाली. तिने खुर्च्या बाहेर काढल्या आणि तिथे नाकारलेल्या लोकांना बसवून त्यांच्या हकिकती लिहून घ्यायला सुरुवात केली. त्यात एक शिवणकाम करणारी बाई होती. तिचा नवरा लकव्याने अंथरुणाला खिळलेला. फोटोत भिंत नवी रंगवलेली दिसली म्हणून त्याची मदत बंद झाली होती. भिंत घरमालकाने रंगवली होती.

तिचं प्रकरण कोर्टात गेलं. मावशी साक्षीला उभी राहिली तेव्हा सरकारी वकिलाने विचारलं, तुमचा सरकारवर इतका राग आहे, मग तुमचं संशोधन निःपक्षपाती कसं?

"आकडे मी शांतपणे मोजले," ती म्हणाली. "राग बेरीज झाल्यावर आला."

कोर्टाने फोटो बंद केले. पण निकाल लागेपर्यंत शिवणवाल्या बाईचा नवरा औषधावाचून गेला होता. आई म्हणाली, जिंकलीस ना, आता तरी शांत हो. मावशीने तिच्याशी आठवडाभर अबोला धरला.

निकालाची प्रत घेऊन मावशी आणि शिवणवाली मदत कार्यालयात गेल्या, बरोबर मीही होते. खिडकीतल्या कारकुनाने सांगितलं की अपंगाची मदत अपंगाच्याच नावे असते आणि तो आता नाही. बाईंनी विधवा म्हणून पहिल्यापासून अर्ज करावा, उद्या यावं. शिवणवाली जायला वळली. मावशीने तिचा दंड धरला.

"उद्या नाही," ती खिडकीत वाकून म्हणाली. "तुमच्या नियमाने ही विधवा झाली आहे. अर्ज आत्ता घ्या."

मागच्या रांगेत कुरकुर सुरू झाली. एक म्हातारा म्हणाला, घेऊ द्या हो, आम्ही थांबतो. कारकुनाने मागे बसलेल्या साहेबाकडे बघितलं, साहेबाने पंख्याकडे. शेवटी कारकुनाने खिडकीतून हात बाहेर काढला आणि अर्ज घेतला. मावशी पोच मिळेपर्यंत तिथून हलली नाही.