चिठ्ठी कुणाची ते शोधायचं नाही

व्यसनमुक्तीच्या कामात गोळा काय होतं म्हणाल, तर पहिला नंबर फोटोंचा, दुसरा हारांचा आणि तिसरा किश्शांचा. फोटो रिपोर्टला लागतात, हार जीपमध्ये सुकतात, किस्से मात्र कुठल्याच फाइलला लावता येत नाहीत. मग ते असे चहाबरोबर बाहेर पडतात.

आम्ही तिघं. मी, म्हणजे मुलाणी मॅडम. दुसरे सुभेदार, लष्करातून रिटायर झालेले, एके काळचे पक्के पिणारे आणि आता स्टेजवर स्वतःचीच गोष्ट सांगणारे. तिसरे तात्या, आमची जीप चालवणारे. साताऱ्यापासून सांगलीपर्यंतच्या शाळा आणि गावं आम्ही पालथी घालतो.

या धंद्यात माणसाला संशयाची सवय लागते. समोरचा वेलदोडा चघळत असला की मला वाटतं, हा काय झाकतोय? कुणी तोंड फिरवून बोललं की मी हळूच वास घेते. तात्या म्हणतात, "मॅडमचं नाक पोलिसात भरती व्हायला पाहिजे हुतं!"

पण गावं आमच्याहून संशयी असतात. ऐका.

* * *

मेढ्याच्या वरच्या अंगाला डोंगरात एक वाडी आहे. आमची जीप शिरली आणि पाच मिनिटांत रस्ता ओस. जीपला बोर्ड, म्हणजे रेड पडली, असा सगळ्यांचा समज! टपरीवाल्यानं तर शटर ओढलं आणि गायबच झाला. शाळेतला कार्यक्रम उरकून आम्ही साताऱ्याला मुक्कामाला आलो. पोस्टरचं खोकं उघडलं, तर पोस्टरच्या खाली गुटख्याच्या सात माळा!

मी तात्यांकडं बघितलं, तात्यांनी सुभेदारांकडं, सुभेदारांनी माझ्याकडं. दोन दिवस ऑफिसात कुणी कुणाशी धड बोललं नाही.

माळा आम्ही जाळून टाकल्या. पुढच्या महिन्यात त्याच वाडीत गेलो, तर टपरीवाला धावत आला. "मॅडम, माजा माल?"

"तुझा माल आमच्या जीपमध्ये आलाच कसा?"

"म्याच ठिवला की! रेडवाले समदं गाव तपासत्यात, सोताची जीप कवाच तपासत न्हाईत!"

* * *

महिलांची एक मीटिंग. चाळीसेक बायका, सगळ्यांचे हात पुढं, शपथ खणखणीत: "आम्ही कोणतंही व्यसन करणार नाही!" मला मात्र पहिल्या रांगेतून ओळखीचा वास येत होता. जळलेल्या तंबाखूचा. आणि पुढच्या मावशींचे दात काळेभोर.

"मावशी, मशेरी लावता ना?"

"लावतो की. सकाळी, दुपारी, सांजच्याला."

"आणि आत्ता शपथ घेतलीत ती?"

मावशींनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मीच पिऊन आले आहे. "आवं मॅडम, मशेरी व्यसन आसती, तर बापयांनी आमच्यासाठी ठिवली आसती व्हय?"

* * *

आता माझी स्वतःची फजिती. सुभेदार स्टेजवर जाण्याआधी स्टीलच्या बाटलीतून एक घोट घ्यायचे आणि तोंड वाकडं करायचे. प्रत्येक कार्यक्रमाला! मी चार महिने सहन केलं. मनात येई, हा माणूस मुलांना सांगतो सोडा, आणि हा स्वतः? संस्थेचं नाव जाईल ते वेगळंच. एकदा विट्याच्या शाळेत ते मुख्याध्यापकांशी बोलत असताना मी बाटली उघडली. वासावरून काही कळेना. म्हणून मोठा घोट घेतला.

कारल्याचा रस! सुभेदारांना शुगर आहे हे मला ठाऊकच नव्हतं.

मी थुंकायला बाहेर पळाले, तर दारातच सुभेदार. रागावले नाहीत. म्हणाले, "मॅडम, दारू सोडून मला नऊ वर्सं झाली. तुमीच आजून धरून बसलाय!"

तात्यांनी ते वाक्य वर्षभर पुरवून वापरलं.

* * *

विट्याचाच आणखी एक. एक गृहस्थ ऑफिसात आले. तिकडं लांब कुठल्याशा शहरात त्यांचं सोनं गाळून शुद्ध करायचं दुकान. मुलीसाठी स्थळ आलेलं, बायोडाटावर लिहिलेलं "निर्व्यसनी". त्यांचा विश्वास बसेना. म्हणाले, "आमी सोनं ॲसिडात टाकून बघतो. जावई कशात टाकून बघू?"

सुभेदार म्हणाले, "जेवाय बोलवा आन् तीन तास हलू देऊ नका. तल्लफवाला माणूस बसत न्हाई. कायतरी निमित्त काढून भायेर जातुयाच."

आठवड्यानं गृहस्थ परत आले, चेहरा पडलेला. मी विचारलं, "काय, उठला का मुलगा?"

"न्हाई वं. पोरगा दगडावानी बसला. मीच तंबाखू मळाय तीनदा उठलो. त्यांनी सोयरीक मोडली!"

* * *

शाळांमध्ये आमची एक प्रश्नपेटी असते. मुलांनी मनातलं लिहायचं, नाव घालायचं नाही. घरी कुणाला व्यसन असेल तर काय करायचं, याच्या आम्ही तीन पायऱ्या शिकवतो. पहिली, त्या माणसाला तोंडानं सांगा. ऐकलं नाही तर दुसरी, लिहून द्या. तरीही नाही तर तिसरी, घरातल्या मोठ्या माणसाला सांगा.

एका शाळेत आठवडाभर आधी पेटी ठेवली होती. उघडली, तर पाचशे मुलांच्या शाळेत एकच चिठ्ठी. मुख्याध्यापक छाती पुढं काढून म्हणाले, "आमच्याकडं प्रॉब्लेमच नाहीत मॅडम!"

मी चिठ्ठी माइकवर वाचली: "सर रोज पेटी उघडून बघतात."

तेव्हापासून पेटीची किल्ली माझ्या पर्समध्ये असते आणि नियम तीन आहेत. पेटी स्टेजवरच उघडायची. चिठ्ठी एक शब्दही न गाळता मोठ्यानं वाचायची, उत्तर तिथंच द्यायचं. आणि चिठ्ठी कुणाची ते कधीही शोधायचं नाही.

* * *

आता शेवटचा. हा मी आजवर तात्यांनाही पुरता सांगितलेला नाही.

माझी मुलगी सना नववीत आहे. सांगलीत घरी आम्ही दोघीच. तिचे अब्बा तोंडाच्या कॅन्सरनं गेले. गुटख्याच्या पुड्या त्यांच्या खिशात असायच्या आणि कपडे मी धुवायचे, तरी मला वेळेवर कळलं नाही. जगाचा वास घेत फिरणारी मी, आणि घरचंच कळलं नाही. ती भीती अजून गेलेली नाही.

म्हणून सना शाळेतून आली की मी तिच्या ओढणीचा वास घ्यायचे. दप्तर बघायचे. व्हाइटनरची बाटली उजेडात धरून किती उरलंय ते बघायचे, कारण मुलं तेही हुंगतात. एकदा ती म्हणाली, "अम्मी, मला हे आवडत नाही."

मी म्हणाले, "लपवायला काही नसेल तर राग कशाला?"

त्यानंतर ती हो आणि नाही एवढंच बोलायला लागली. दार लावून बसायला लागली. नजर चुकवायला लागली. आमच्या पोस्टरवरची तिन्ही लक्षणं! मी दप्तर दिवसातून दोनदा बघायला लागले.

अशात सांगलीतल्याच विश्रामबागेत कार्यक्रम ठरला, तिच्याच शाळेत. ती म्हणाली, "दुसरं कुणी येणार नाही का?" माझा संशय आणखी वाढला. हिला मी का नको? मी मुद्दाम गेले.

पेटी भरून चिठ्ठ्या निघाल्या. पहिली होती, "पप्पा तंबाखू माझ्याकडून मळून घेतात." सुभेदारांनी तिला फार छान उत्तर दिलं. दुसरी मी उघडली. अक्षर वेडंवाकडं, डाव्या हातानं काढल्यासारखं. नियमाप्रमाणे मी मोठ्यानं वाचायला लागले.

"आमच्या घरात एका व्यक्तीला संशयाचं व्यसन आहे. रोज माझ्या ओढणीचा वास घेतल्याशिवाय त्या व्यक्तीला चैन पडत नाही. माझा व्हाइटनर उजेडात धरून बघितला जातो. मी काहीच करत नाही. पहिली पायरी झाली, तोंडानं सांगितलं. ऐकलं नाही. ही दुसरी पायरी, लिहून देत आहे. तिसरी पायरी घरातल्या मोठ्या माणसाला सांगायची. पण आमच्या घरातलं मोठं माणूस तेच आहे. मग मी कुणाला सांगू?"

हॉलमध्ये मुलं खदखदून हसली. सुभेदार हसले नाहीत. माइकवर हात ठेवून हळूच म्हणाले, "मॅडम, उत्तर?"

मी नववीच्या रांगेकडं बघितलं नाही. नियम म्हणजे नियम. "याचं उत्तर मला आज येत नाही," एवढं बोलले आणि माइक त्यांच्या हातात दिला. इतक्या वर्षांत एखादी चिठ्ठी अशी तशीच राहिली, ती पहिल्यांदाच.

संध्याकाळी मी सनाच्या आधी घरी पोचले. चहा ठेवला. चिठ्ठीचा विषय काढायचा नाही, असं स्वतःला दहादा बजावलं. थोड्या वेळानं दार वाजलं. सनानं चपला काढल्या, दप्तर टेबलावर ठेवून त्याची चेन पूर्ण उघडली, ओढणी काढून माझ्या हातात दिली आणि रोजच्यासारखी समोर उभी राहिली.