पेनांसाठी मखमलीच्या डब्या

माझी बायको लाकडाची पेनं करते. वाक्य एवढंसंच आहे, पण गेल्या उन्हाळ्यापर्यंत ते मी घराबाहेर कुणासमोर उच्चारलं नव्हतं. ऑफिसात माझ्या खिशातलं पेन पाहून कुणी विचारलं, की मी म्हणायचो, "ओळखीचा एक कारागीर आहे."

लोणारात आमच्या घरामागं पत्र्याचं शेड आहे. तिथं तिचा लहानसा लेथ आहे, लाकूड कातायचा. लग्नाआधी ती आयटीआयमधून टर्नर झाली होती, वर्गात एकटी मुलगी. लग्न झालं त्या वर्षी तिला एका कारखान्यातून बोलावणं आलं. मी नको म्हणालो. कारण सांगितलं नाही, तिनं विचारलं नाही. मी कारकून आणि बायको मशीनवर, हे मला लोकांना सांगता आलं नसतं, एवढंच ते कारण. पुढं मुलं शिकून बाहेर पडली आणि तिनं स्वतःच हा लेथ आणवला. पहिल्या दिवशी चिंचेच्या लाकडाचा तुकडा त्यावर लावताना ती इतकी हरखली होती, की मी शेडमधून निघून आलो. मला तिथं उभं राहवेना.

पेनं विकायची ठरल्यावर ती कशात घालून द्यायची हा प्रश्न आला. तो मी अंगावर घेतला. दुसरं मला काय येत होतं? तोवर मेहकरच्या एका स्टेशनरीच्या दुकानात ती पेनं स्टीलच्या गिलासात उभी असायची, उदबत्त्यांसारखी. गिऱ्हाईक एक उचलायचं, दुकानदाराच्या पुठ्ठ्यावर आपली सही करून पाहायचं, आणि पुष्कळदा परत ठेवून द्यायचं. मग मी प्लास्टिकच्या पिशव्या आणून पाहिल्या, त्यात पेन म्हणजे दवाखान्यातली सुई दिसायची. बांबूच्या नळ्या पाहिल्या, त्यांना आतून भुंगा लागलेला. शेवटी नांदुऱ्याला एका कामासाठी गेलो असताना बाजारात घड्याळाच्या दुकानाबाहेर लांबट डब्या दिसल्या. आत लाल मखमल, वर सोनेरी पट्टी.

घरी आणल्या तेव्हा तिलाही आवडल्या, हे सांगायला हवं. मखमलीवरून बोट फिरवत ती म्हणाली, "पेनाचं लगन हाय का काय जी?" आणि पुढं हळूच म्हणाली की आत एक चिठ्ठी टाकू, कुणी केलं ते लिहून.

मी म्हणालो, बघू.

खरं म्हणजे मला ती डबी आवडली ती याचसाठी. सोनेरी पट्टीची डबी पाहिली की माणूस दुकानाचं नाव विचारतो, करणाऱ्याचं विचारत नाही. आणि तिला नेमकं तेच हवं होतं, आपण केलंय हे घेणाऱ्याला कळावं. चिठ्ठीचं मी लांबवत राहिलो. कधी कागद चांगला नाही, कधी छापखाना बंद.

अशात जानेफळच्या एका बाईंची मागणी आली. शाळेतून निवृत्त झालेल्या. विहारात मुलींची अभ्यासिका चालवतात. आमच्यात चौदा एप्रिलला, जयंतीला हारफुलं आणू नका, एक वही अन् एक पेन आणा, असं सांगायची पद्धत आहे. ती वह्या-पेनं मग शिकणाऱ्या पोरांना वाटतात. बाईंना यंदा दहावी दिलेल्या मुलींना जरा जपून ठेवावं असं पेन द्यायचं होतं.

बायको रात्रंदिवस त्याच नादात. लाकडाच्या नळ्या घासून झाल्या की ती त्यांना जवसाचं तेल लावते. त्या तारेत ओवून वाळत घालायच्या आणि उतरवायच्या, हे माझं काम. नखानं दाबून पाहायचं, ठसा उमटला तर अजून टांगू द्यायच्या. हे मला तिच्याइतकंच ठाऊक. पण त्या आठवड्यात, डब्या पाठवण्याआधी, ऑफिसातल्या आमच्या साहेबांना डबीबंद पेनं दाखवायची मला घाई झाली होती. नख लावलं, बारीकसा ठसा उमटला, तरी मी नळ्या उतरवल्या. तिला वाटलं, वाळल्या म्हणूनच उतरवल्या. तिनं रिफिल आणि क्लिपा बसवल्या, मी पेनं मखमलीत निजवली आणि डब्या बसनं जानेफळला पाठवल्या.

जयंतीच्या आठ दिवस आधी बाईंचा फोन आला.

"भाऊ, पेनाईले केसं आले हो."

मला आधी कळेचना. मग कळलं. उन्हाच्या तापानं बंद डबीत तेल चिकट झालं होतं आणि मखमलीची लव पेनांनी ओढून घेतली होती. बाई रागावल्या नव्हत्या, हसतच होत्या, पण मुलींना हे कसं द्यायचं, म्हणाल्या. आणि मी, तोंडाला सवय असल्यासारखा, बोलून गेलो की कारागिरानं घाई केली, तेल वाळू दिलं नाही.

फोन ठेवला. ती चुलीपाशी भाकर थापत होती. तिनं तव्यावर भाकर टाकली, तिच्यावरून पाण्याचा हात फिरवला आणि मग विचारलं, "कारागीर कोन हाय जी?"

मी हात धुवायला उठलो. जेवताना तिनं मला नेहमीसारखी दुसरी भाकर वाढली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून पहिल्या बसनं जानेफळला गेलो. वाटभर कबुलीचं वाक्य जुळवत होतो. बाईंनी चहा दिला, उन्हाची विचारपूस केली. मी चहा प्यालो, डब्यांची पिशवी उचलली आणि परत आलो. वाक्य तसंच राहिलं.

घरी आल्यावर अंगणात लिंबाखाली बसून दोघं लव पुसत बसलो. जुन्या धोतराची फडकी, थोडं टर्पेन्टाइन. माझा हात जड, तिचा हलका. एक पेन उचलून तिनं माझ्या नाकाखाली धरलं आणि म्हणाली, "याले तं मिशा फुटल्या. तुमच्यापक्षा बऱ्या हायत." तिला हसू आवरेना. मलाही आलं.

मखमल आता नकोच, हे न बोलताच ठरलं. पेनं पुन्हा तारेवर गेली, या वेळी नख तिनं लावलं. तिनं कोऱ्या मांजरपाटाच्या अरुंद पिशव्या शिवल्या, पेन अर्धं बाहेर राहील अशा. लाकूड दिसावं, हात लावता यावा, तेलाला वारा मिळावा. मी कात्रीनं धागे कापत होतो. अशी साधी पिशवी आधी का सुचली नाही, हे मी विचारलं नाही. मला माहीत होतं.

शेवटची पिशवी झाल्यावर मी म्हणालो, चिठ्ठी लिहितो. चांगला कागद आहे घरात.

ती लेथकडं निघाली होती, एक पेन फार खराब झालं होतं म्हणून नवं करायला. दारात थांबून म्हणाली, "चिठ्ठी राहू द्या. बाईले फोन लावा."

शेडमध्ये तिच्यासमोर उभं राहूनच फोन लावला. म्हटलं, बाई, त्या दिवशी मी खोटं बोललो. पेनं माझी बायको करते. तेल ओलं असताना डबीत मी घातली, तिचा त्यात काही दोष नाही. मग बाई म्हणाल्या, "मंग इतके दिवस मी तुमच्यासंग काऊन बोलून राह्यली? त्याईले द्या फोन."

तिचे दोन्ही हात भुशानं माखलेले. लेथ बंद करून तिनं मान जरा कलती केली आणि मी फोन तिच्या कानाला धरला. बाई काय विचारत होत्या मला ऐकू येत नव्हतं, पण ती सांगत होती, हाव, आयटीआय केलं, हाव, बाभूळ लई कडक असते, पोरींले पाह्याचं असन तं घेऊन या ना. बोलणं लांबलं. हात भरून आला तसा मी फोन दुसऱ्या हातात घेतला, आणि ती न थांबता कानासकट इकडं वळली.