बोल्झानो ते बोर्मिओ

सासूबाईंच्या फुफ्फुसांच्या डॉक्टरांनी साफ सांगितलं होतं, दोन हजार मीटरच्या वर न्यायचं नाही. म्हणून इटलीच्या सहलीचा आराखडा मी एप्रिलमध्येच, प्रत्येक ठिकाणाची उंची बघून केला. दक्षिण टिरोल नकाशावर आपल्या एखाद्या जिल्ह्याएवढा दिसतो, पण बोल्झानो शहर अडीचशे मीटरवर आणि त्याच प्रदेशातलं ऑर्टलर शिखर जवळजवळ एकोणचाळीसशेवर. बोल्झानोनंतरचा मुक्काम बोर्मिओला, बाराशे मीटर. मधला रस्ता नॅव्हिगेशनने दक्षिणेकडून, टोनाले खिंडीतून दाखवला. तीही दोन हजारांच्या आत. प्रश्न मिटला.

जूनमध्ये नवरा आईंना घेऊन गेला. मला सुट्टी नव्हती. बोर्मिओला निघायच्या दिवशी दुपारी, इकडे माझ्या एश्बॉर्नच्या ऑफिसात जेवताना, मी सहकाऱ्याला मोबाइलवर गाडीचा ठिपका दाखवला. तो दर उन्हाळ्यात आल्प्समध्ये सायकल चालवतो.

"अरे वा, स्टेल्व्हिओ. उघडली ना आता."

"काय उघडली?"

"खिंड. हिवाळाभर बर्फाने बंद असते. उघडली की नॅव्हिगेशन तिकडूनच नेतं, जवळ पडतं."

"उंची किती?"

"सत्तावीसशे सत्तावन्न," तो अभिमानाने म्हणाला. मग माझ्या चेहऱ्याकडे बघून त्याने काटा खाली ठेवला.

फोन लागेना. जिन्यात जाऊन परत लावला. ठिपका हलत नव्हता. रेंज गेली म्हणून, की गाडी थांबली म्हणून? गाडी थांबली असेल तर कशासाठी? नकाशा मोठा केला. तिथे उंचीच्या रेषा इतक्या खेटून होत्या की नुसता तपकिरी डाग दिसत होता. ठिपका बावीसशेच्या जवळ.

शेवटी त्याचाच फोन आला. "अगं, एका हॉटेलपाशी थांबलोय. आईला जरा धाप लागलीय."

"आत्ताच्या आत्ता मागे फिर. खाली."

"अगं, ती म्हणतेय बसून बरं वाटेल—"

"बसायचं गाडीत. आणि फोन त्यांच्याकडे दे."

डॉक्टरांनी एक खूण सांगितली होती. वाक्य एका श्वासात पुरं होत नसेल तर थांबायचं नाही, लगेच खाली उतरायचं.

"आई, काहीतरी बोला माझ्याशी."

"काय... बोलू? त्याला... रागावू नकोस. बर्फ... मलाच... बघायचा होता."

"नाही रागावत. सकाळी नाश्ता काय होता?"

"पाव. दगडासारखा. बुडवायला... चहा... मागितला तर..."

मी फोन कानाला दाबून जिन्यात बसले. पाव, चहा, खोलीतली उशी, काही बोलू दे त्यांना. मी शब्द ऐकतच नव्हते, मधली फट ऐकत होते. मध्ये एकदा आवाज पूर्ण गेला. मग परत उतरणाऱ्या गाडीचा आवाज आला, पाठोपाठ त्यांचा.

"आणि काय गं, हा तुझा नवरा वळणावर हॉर्नसुद्धा वाजवत नाही, समोरून बस आली तर काय करणार आहे?"

एका दमात.

मी जिन्याच्या कठड्याला डोकं टेकवलं.




"ऐकतेयस ना?" त्या म्हणाल्या.