सल्फाइट की सल्फाइड

"भैया, रुको! ड्रम नीचे रखो!"

मी प्लेटिंग शॉपच्या दारातूनच ओरडले. दोघा कामगारांनी ड्रम टाकीच्या काठावर टेकवला होता. झाकण उघडं होतं. फोरमन तिवारीजी बाजूला उभे होते.

लढाई सुरू होती. जबलपूरच्या आमच्या लष्करी कारखान्यात तिन्ही पाळ्या चालत. मी लॅबमधली केमिस्ट, टाकीतलं ॲसिड तपासायला आले होते. क्रोमचा मुलामा दिलेले भाग धुतले की पिवळं, विषारी पाणी उरतं. ते टाकीत साठवायचं, त्यात ॲसिड घालायचं आणि मग सोडियम सल्फाइट टाकून त्यातलं विष मारायचं. त्या सकाळी टाकी काठोकाठ भरली होती. ती रिकामी होईपर्यंत प्लेटिंग बंद, आणि प्लेटिंग बंद म्हणजे पुढची जुळणी बंद.

"अब क्या हुआ, दीदी?" तिवारीजी वैतागले.

"ये पीला क्यों है? सल्फाइट तो सफेद पावडर होता है."

"फोन करके मँगवाया है. ड्रम पर भी लिखा है, सोडियम सल्फाइड."

"सल्फाइट चाहिए था!"

"एक ही बात है ना!"

एक नव्हती. गंधकाला तीन ऑक्सिजन जोडलेले असले की सल्फाइट. चार असले की सल्फेट. सल्फाइडमध्ये ऑक्सिजन नसतोच. आणि ते ॲसिडमध्ये पडलं की हायड्रोजन सल्फाइड सुटतो. आधी सडक्या अंड्यांचा वास येतो. वायू वाढला की वास कळेनासा होतो आणि माणूस आडवा होतो.

तेवढ्यात आमचे मॅनेजर बोकारे साहेब आले. "काहून थांबवलं काम? वरून फोनावर फोन येऊन राहिले!"

"सर, बाहेर चला. दाखवते."

अंगणात मी बशीत त्या ड्रममधला एक तुकडा ठेवला, वर हा वायू ओळखणारी लेड ॲसिटेटची ओली पट्टी धरली आणि ॲसिडचा थेंब सोडला. पांढरी पट्टी बघता बघता काळी पडली. साहेबांनी रुमाल नाकाला लावला. तिवारीजी त्या दोघा कामगारांकडे बघत राहिले.

"माणसं वाचली," साहेब म्हणाले. "पण टाकीचं काय? नवा माल आज मिळत नाही."

मला एकदम कारखान्यातली एक्स-रे रूम आठवली. ओतीव भागांना आतून तडे आहेत का ते तिथे बघत. फिल्म धुवायच्या डेव्हलपरमध्ये सोडियम सल्फाइट लागतंच!

तिथून डबे आले. पांढरी पावडर. ॲसिडचा थेंब टाकला, पेटत्या काडेपेटीच्या काडीसारखा उग्र वास आला, पट्टी पांढरीच राहिली.

"आता टाका," मी म्हणाले.

खिडक्या उघड्या ठेवून कामगार थोडी थोडी पावडर टाकत गेले. पिवळं पाणी आधी मळकट झालं, मग हिरवं. विष मेलं, की पाणी असं हिरवं होतं.

"हो गया!" एक कामगार ओरडला आणि सगळ्या शॉपने टाळ्या वाजवल्या. बोकारे साहेबही वाजवत होते. दुसऱ्या पाळीत प्लेटिंग सुरू झालं, जुळणी एक दिवसही थांबली नाही.

पुढे फोनवर रसायनाचं नुसतं नाव सांगायला बंदी आली, सूत्रही सांगायचं. तिवारीजी रिटायर होईस्तोवर फोनमध्ये ओरडत, "एस-ओ-थ्री! ओ-थ्री बोला है, सुनाई दिया?"

माणसाच्या नावात एक अक्षर चुकलं तर चालतं. रसायनाच्या नावात नाही.