ओल्या मक्याची टाकी

धान्याच्या गोदामात फाटकी पोती शिवायचं काम घरातली थोरली सून करायची. नवरा आणि दीर तिथेच हमाली करायचे. "वहिनीच्या हातात सुई आणि जिभेवर दाभण," असं तिच्या तोंडावर म्हणायची छाती फक्त त्या धाकट्या दिराची होती.

एकदा जमिनीखालच्या टाकीत पाणी झिरपून मका भिजला. बरेच दिवस बंद असलेलं झाकण उघडून नासाडी किती झालीय ते पाहायला धाकटा शिडीवरून उतरला. अर्ध्यावर गेला आणि हाक नाही, बोंब नाही, धप्पकन खाली पडला.

नवरा शिडीकडे धावला. थोरलीने मागून त्याचा शर्ट धरला.

"सोड! भाऊ आहे माझा!"

"अहो, तो ओरडलासुद्धा नाही! त्याला झालं तेच तुम्हाला होईल!"

त्याने तिला कोपराने मारलं. शर्ट टरकन फाटला, तशी तिने कमरेला मिठी घातली आणि हमालांना ओरडून सांगितलं, "धान्य उफणायचा पंखा आणा, दोर आणा!" पंख्याने टाकीत हवा सोडली, मग दोर बांधून नवरा उतरला आणि भावाला वर काढलं.

धाकटा वाचला. पण त्याला शब्द सापडेनात, बटणं लावता येईनात.

"हिने अडवलं नसतं तर माझं पोर धड असतं," सासू दवाखान्यातच म्हणाली.

डॉक्टरीणबाई तिच्याशेजारी बसल्या. "आजी, ओलं धान्यही श्वास घेतं. त्याने आणि बुरशीने मिळून आतला ऑक्सिजन संपवला, कार्बन डायऑक्साइड सोडला. तुमच्या मुलाची छाती हलत होती, पण फुप्फुसांकडे रक्ताला द्यायला काही नव्हतं. ऑक्सिजनविना मेंदू काही मिनिटंच तग धरतो. मोठा तसाच उतरला असता तर दोघेही गेले असते."

"डोक्याला पटतंय हो," सासू म्हणाली. घरी आल्यावर मात्र तिने सुनेशी बोलणं टाकलं.

थोरली दिराला रोज भरवते. घास गिळायला तो विसरला की गालावर हलकेच टिचकी मारते. तो हसतो, कधी "वहिनी" म्हणतो, कधी नुसतंच "व".

एकदा जेवताना नवरा म्हणाला, "तू सोडलं असतंस तर मी गेलोच असतो खाली."

हे उपकार मानणं होतं की तक्रार, तिला कळलं नाही. तिने त्याच्या ताटात भात वाढला.